परतीच्या नळीवरचा बर्फ

२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

नमस्कार घे, आणि रागावली असशील तर तो राग घटकाभर खुंटीला टांगून हे वाच.

पाकीट उलटंपालटं करून बघितलंस ना, विजेचं बिल तर नाही म्हणून? नाही, मीच आहे, ठकू. इतके फोन केले, तू एकही उचलला नाहीस. रविवारी घरी गेले होते तेव्हा बाबांना विचारलं. ते वर्तमानपत्राआडून म्हणाले, "माझा तरी कुठे उचलते? तुझे आतोबा गेल्यापासून ताई फुगून बसली आहे. तू लिहून बघ, तुला उत्तर दिलं तर दिलं." बाबा वर्तमानपत्राआडून बोलतात तेव्हा त्यांना लागलेलं असतं, हे मी तुला सांगायला नको. तू त्यांची मोठी बहीण.

आता कामाचं. मी फावल्या वेळात कॉम्प्युटर पळवते, हे तुला अर्धवट माहीत आहे. प्रोसेसरला कंपनीने एक वेग ठरवून दिलेला असतो. आम्ही उचापतखोर लोक त्याला त्याहून जोरात पळवतो. जोरात पळाला की तो तापतो, फार तापला की बसकण मारतो. म्हणजे शर्यत दिसायला वेगाची, पण खरी गारव्याची. जो जास्त थंड ठेवेल तो जास्त पळवेल. एप्रिलच्या शेवटी मोठी स्पर्धा आहे आणि माझं नाव घेतलंय त्यांनी. बाहेरून काही थंड ओतायला बंदी आहे, यंत्र स्वतःच्या बळावर तासभर चाललं पाहिजे.

रस्ते दोन. एक पाण्याचा. प्रोसेसरवर तांब्याचा पोकळ ठोकळा बसवायचा, पंप त्यातून पाणी फिरवतो, ते पाणी जाळीत जाऊन पंख्याखाली निवतं आणि परत येतं. दुसरा रस्ता म्हणजे कॉम्प्रेसर, गॅस आणि ती केसासारखी बारीक कॅपिलरी नळी. आम्ही त्याला ऐटीत फेज-चेंज म्हणतो. तू म्हणशील, हा तर फ्रिज. फ्रिजच आहे, फक्त त्याला दार नाही आणि सगळा गारवा एका नाण्याएवढ्या जागेवर. शून्याखाली चाळीसपर्यंत जातं म्हणे.

तुम्ही दोघांनी जन्मभर फ्रिज दुरुस्त केले. मला तुझ्या हातचं मशीन हवंय. करशील?

तुझी,
ठकू


९ फेब्रुवारी

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद. पाकीट उलटंपालटं केलं, ते खरं. विजेचं बिलही त्याच दिवशी आलं, तेही खरं.

फोनचं म्हणशील तर दुकानात दिवसभर मशिनांचा गोंगाट, आणि फोनवर मला काही सुचत नाही. लिहीत जा. बापाला सांग मी फुगलेली नाही. मी मुळातच गोल आहे, आणखी फुगायला जागा नाही.

पाणी घे. तू माझ्याकडे गॅसचं मशीन मागतेस आणि मी पाणी घे म्हणते, म्हणजे शिंप्यानं गिऱ्हाइकाला "चादरच गुंडाळ" म्हणावं तसं झालं. पण ऐक. शून्याखालची वस्तू उघड्या हवेत ठेवली की हवेतलं पाणी तिच्यावर धावून येतं. तुझ्या त्या नाजूक बोर्डावर एक थेंब पडला की खेळ खलास. शिवाय कॉम्प्रेसर म्हणजे घरात एक बैल बांधल्यासारखं. जड, गरम, आवाजी. तुझी घरमालकीण कपडे वाळत घातल्याचासुद्धा आवाज ऐकते असं तूच म्हणाली होतीस. पाणी गुपचूप काम करतं, रोज करतं, आणि बिघडलं तर डोळ्यांना दिसतं. गॅसचं तसं नाही. गॅस बिघडला की आधी आवाजात कळतं, आणि तुला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

माझं ऐक, पाणी बसव आणि नीट जेवत जा.

तुझी,
आत्या


१६ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

नीट जेवते. पण पाणी बसवून मी स्पर्धेत जाणं म्हणजे नुसतं हात हलवत जाऊन हात हलवत येणं. खोलीत तीस अंश असतील तर पाणी तिसाखाली जाणारच नाही, पंप कितीही शहाणा असो. बाकीचे उणे चाळीसवर बसलेले असणार आणि मी तिथे तांब्याचा ठोकळा घेऊन. थेंबांचं मला कळतं. फोमचं रबर आणि पेट्रोलियम जेली लावून सगळं बंद करतात, मी दुसऱ्याच्या मशीनवर हाताने केलंय.

खरं कारण सांग ना. मी नोकरी धरली, दुकानात आले नाही, त्याचा राग आहे का? की आतोबांशिवाय असं नवीन काही करायला मन घेत नाही? तसं असेल तर मी गप्प बसेन. पण गोंगाट आणि घरमालकीण ही कारणं तू स्वतःच्या लहानपणी तरी ऐकून घेतली असतीस का?

एक गोष्ट सांगून ठेवते, नंतर म्हणू नकोस बोलली नाही. बाबा म्हणतात, ताईला एकटीला दुकान झेपत नाही. कुणीतरी त्यांना सांगितलंय की तू दुरुस्त केलेले फ्रिज परत येतात. जूनमध्ये ते गाडी घेऊन येणार आहेत तुला न्यायला. मागची खोली रिकामीच आहे, तिला रंगही देऊन झाला.

ठकू


२२ फेब्रुवारी

चि. ठकूस,

तुझ्या बापाला सांग, मागच्या खोलीत त्यानं रद्दी ठेवावी. इतकी वर्षं साठवलेले पेपर कुठेतरी मावतील तरी. मी माझ्या दुकानात आहे. हे शटर मी आणि तुझ्या आतोबांनी वर केलं, आणि माझे हात चालतात तोवर ते मीच वर करणार. रंग कुठला दिलाय? फिका निळा असणार. त्याला सगळीकडे फिका निळाच सुचतो.

तुझ्यावर राग कसला? तू दुकानात आली असतीस तर मीच तुला हाकलली असती.

मशीन करते. एका मोठ्या फ्रिझरचा कॉम्प्रेसर पडून आहे, तब्येतीनं ठणठणीत. तांब्याचा ठोकळा मात्र तुमच्या मापाचा लागेल, त्याचं चित्र काढून पाठव, चारही बाजूंनी. आणि तुझा प्रोसेसर जोरात पळताना किती वॅटची उष्णता सोडतो ते लिही.

मशीन झालं की बापाला दाखव. मग विचार त्याला, झेपतं की नाही.

आत्या


१८ मार्च

चि. ठकूस,

मशीन ट्रान्सपोर्टनं पाठवलं. खोक्यावर बाण काढलेत, त्यांनी ते आडवं आणलं असेल तर त्यांना माझ्या वतीनं दोन शब्द सुनाव. आल्यावर एक दिवस उभंच राहू दे, तेल खाली बसतं.

आधी मशीन चालू करायचं, तापमानाचा काटा खाली गेला की मगच कॉम्प्युटर. उलट करशील तर पस्तावशील. फोमचं रबर गच्च बसव. हवा जिथं शिरेल तिथं पाणी शिरेल.

तुझ्या प्रोसेसरच्या जागी मी इस्त्रीचं एलिमेंट बांधलं आणि दुपारभर चालवलं. काटा उणे त्रेचाळीसवर जाऊन बसला तो हललाच नाही. तांब्याच्या नळ्या जोडायला ब्रेझिंग करताना बऱ्याच दिवसांनी मजा आली. तुझ्या आतोबांची आठवण आली, पण चांगली आली.

आत्या


२६ मार्च

आत्या!!

उणे एक्केचाळीस! माझ्या टेबलावर! प्रोसेसरवरच्या नळीला पांढरी शुभ्र दाढी आली आणि मी खोलीत एकटीच नाचले. घरमालकीण वर आली. मी म्हटलं, फ्रिज घेतलाय. ती म्हणाली, दार कुठाय? मी म्हटलं, नवीन पद्धत आहे.

बाबांना फोटो दाखवला. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "हे ताईनं एकटीनं केलं?" आणि पुन्हा वर्तमानपत्र वर धरलं, पण या वेळी उलटं.

एकच शंका. मधूनमधून कसलातरी आवाज येतो. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून रेकॉर्ड करून तुझ्या फोनवर पाठवलाय. ऐक आणि सांग, ठीक आहे ना? तू हो म्हणालीस की मी पुढचा सराव सुरू करते, रोज बराच वेळ चालवावं लागेल.

ठकू


३१ मार्च

चि. ठकूस,

आवाज ऐकला. छान चाललाय. नवीन मशीन थोडं कुरकुरतंच, नव्या नवरीसारखं. बिनघोर चालव.

आत्या


६ एप्रिल

आत्या,

मशीन मेलं.

रोज चालवत होते, तू सांगितलंस तसं बिनघोर. तो आवाज वाढत गेला आणि मी स्वतःला समजावत राहिले, आत्या म्हणाली ना ठीक आहे. काल एक दणका बसला, कॉम्प्रेसर जागच्या जागी उडाला आणि गप्प झाला. नंतर चालू करायला गेले तर नुसता गुरगुरतो आणि फ्यूज उडतो. प्रोसेसर वाचला हे नशीब.

ऑफिसजवळ एकजण फ्रिज दुरुस्त करतो. त्याला तेच रेकॉर्डिंग ऐकवलं. अर्धंही झालं नव्हतं, त्याने दोन्ही हात वर केले. "बंद करा, बंद करा, हे चालू कुणी ठेवलं?" मी म्हटलं, माझ्या आत्याने ऐकून हो म्हटलंय, ती यातली जाणकार आहे.

मला खूप राग आलाय आणि तो मी खुंटीला टांगणार नाही. मी तुझ्या शब्दावर चालवलं. स्पर्धा तोंडावर आली आहे. तू तो आवाज ऐकलाच नाहीस ना? वेळ नव्हता, तर तसं लिहायचंस. मी थांबले असते.

ठकू


१० एप्रिल

चि. ठकूस,

नाही ऐकला.

वेळ होता. वेळच वेळ होता. ठकू, मला ऐकू येत नाही.

हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिलं. बोलून तर कुणाला दाखवलेलंच नाही. उजवा कान तुझे आतोबा असतानाच गेला होता, ते त्यांना माहीत होतं. गिऱ्हाईक बोलायचं तेव्हा ते माझ्या डाव्या बाजूला उभे राहून तेच पुन्हा बोलायचे, जणू स्वतःशीच. ते गेले आणि मागोमाग डावाही निघाला. डॉक्टरांनी यंत्र दिलं. ते लावलं की माणसं आणि मशिनं सगळी एकाच घरघरीत बोलतात, डोकं भणाणतं. ते मी डब्यात ठेवलंय.

दुकान कसं चालवते विचारशील. गिऱ्हाईक बोलतं, मी मान हलवते, आणि ते गेलं की फ्रिजलाच विचारते. हात लावला की नळी सांगते कुठे गरम, कुठे गार. दाबाचं गेज सांगतं. पण काही आजार आवाजातच कळतात, आणि ते फ्रिज परत येतात. तुझ्या बापाला ज्यानं सांगितलं त्यानं खोटं नाही सांगितलं.

तू पाठवलेला आवाज मी लावला गं. फोन कानाला लावला, कपाळाला लावला, शेवटी दातांत धरला. थरथर एकसारखी लागली. म्हणून लिहिलं, छान चाललाय. कॉम्प्रेसरकडे जाणाऱ्या परतीच्या नळीवर बर्फ कुठवर चढलाय, एवढं जरी तुला विचारलं असतं तरी मला सगळं कळलं असतं. पण विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, आवाज पाठवलाय की आत्या, त्यातच बघ. मग काय सांगणार होते? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत मी ती मूठ तुझ्या मशीनवर आपटली.

मला लाज वाटते, पण लाजेपेक्षा भीती मोठी आहे. बापाला कळलं की तो येईल. प्रेमानंच येईल. आणि मला उचलून त्या फिक्या निळ्या खोलीत नेऊन बसवील. सकाळी चहा, दुपारी जेवण, संध्याकाळी गॅलरी. तिथं मी मरणार नाही, ठकू. चांगली धडधाकट जगेन, आणि तेच मला सहन होणार नाही.

त्याला सांगू नकोस. आणि तू पाणी बसव. पाण्याला कान लागत नाही.

आत्या


१३ एप्रिल

आत्या गं,

तुझं पत्र ऑफिसच्या जिन्यात वाचलं आणि तिथेच बसले. तू फोन उचलत नव्हतीस आणि आम्ही सगळे तुझ्यावर रुसत होतो. मी "गोंगाट हे काय कारण आहे" असं लिहिलं होतं. मला माफ कर. मशीनचं काय, मशीन पुन्हा होईल. दातांत फोन धरलेली तू माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

घरी सांगणार नाही. पण कधीतरी तूच सांगशील अशी आशा करीन.

आता ऐक. मला पाणी बसवायचं नाही. मी ते रेकॉर्डिंग हेडफोन लावून पुन्हा पुन्हा ऐकलंय आणि लिहून काढलंय. सगळ्यात खाली एकसारखी भुणभुण आहे, ती शेवटपर्यंत मोडत नाही. तिच्यावर मधेच एक बारीक खळखळ येते, गुळण्या कराव्यात तशी. आणि एक टक्. पोकळ नाही, भरीव. भरलेल्या पिंपावर बोटाच्या पेरानं मारावं तशी. एक टक्, मग थांबते, मग दोन. कॉम्प्युटर जोरात पळत असताना हे काही नसतं, तो रिकामा बसला की सुरू होतं.

मी काय सुचवतेय कळलं ना? ऐकणं माझं, समजणं तुझं.

ठकू


१६ एप्रिल

चि. ठकूस,

तू भल्या माणसाची मुलगी आहेस, दया तुमच्या घरात पाण्यासारखी वाहते. मला ती नको. म्हातारीला बरं वाटावं म्हणून गॅसचं मशीन घेऊन जाशील आणि स्पर्धेत तोंडघशी पडशील, तर ते मला दुसऱ्यांदा सहन होणार नाही. पाणी बसव, दहावी ये, पण सुखानं ये. माझं ठरलंय.

खळखळ आधी येते की टक् आधी?

आत्या


१९ एप्रिल

आत्या,

खळखळ आधी. मग टक्. नेहमी.

आणि दया कसली? हा लोभ आहे. मला त्या लोकांना हरवायचंय, पाण्याने ते होणार नाही, आणि तुझ्याइतकं यातलं कळणारं दुसरं माणूस माझ्या ओळखीचं नाही. ऑफिसजवळच्या त्या भल्या माणसाला विचारलं, तो म्हणाला, असलं मशीन मी जन्मात पाहिलं नाही, ज्यानं केलंय त्याच्याकडेच न्या. स्वार्थी भाची मिळाली, आता भोग आपल्या कर्माची फळं.

आणि मला आता आठवतंय, त्या परतीच्या नळीवरचा बर्फ कॉम्प्रेसरच्या डोक्यापर्यंत चढला होता. मला वाटलं होतं, किती छान गार झालंय. फोटोसुद्धा काढला.

शनिवारी मशीन घेऊन येते. दोन दिवसांची रजा टाकली आहे. दुसरा एखादा जुना कॉम्प्रेसर शोधून ठेव.

ठकू


४ मे

प्रिय आत्या,

दुसरी आले!

पहिला आला त्याच्याकडे एकावर एक जोडलेली दोन कॉम्प्रेसरची मशिनं होती, ती उचलायला चार माणसं लागली. त्याच्यापुढे आपलं काही चाललं नाही. पण एका कॉम्प्रेसरवाल्यांत आपल्या पुढे कुणीही नव्हतं. पाणीवाले बिचारे पहिल्या फेरीतच गेले.

तुला खरी गोष्ट सांगते ती मधल्या सुट्टीची. फेऱ्यांच्या मधे कॉम्प्युटर नुसता चालू ठेवून बसायचं होतं, काही काम नाही. म्हणजे नेमकी मागच्या वेळी मशीन मेलं तीच वेळ. तू दुकानात समजावलं होतंस, इस्त्री कधी विश्रांती घेत नाही, प्रोसेसर घेतो. तो विश्रांतीला बसला की गॅस उकळत नाही, तसाच पातळ परत येतो आणि कॉम्प्रेसरच्या पोटात जाऊन ठोके देतो. आपण गॅस कमी केला, कॅपिलरी वाढवली, परतीच्या नळीवर ती तांब्याची डबी बसवली, उरलेला गॅस तिथं थांबावा म्हणून. हे सगळं तू केलंस आणि मी फक्त लांब स्क्रूड्रायव्हर कॉम्प्रेसरला टेकवून, मूठ कानाला लावून तुझ्यासमोर पाटीवर लिहीत बसले, "खळखळ आहे", "कमी झाली", "आता नाही". पण तिथे हॉलमध्ये तू नव्हतीस. मी स्क्रूड्रायव्हर कानाला लावून बसले आणि लोक हसायला लागले. हसू दे. नुसती भुणभुण होती, आत्या. शेवटपर्यंत नुसती भुणभुण. मला रडूच आलं.

घरच्या रोजच्या कॉम्प्युटरला मात्र पाणी बसवलंय. तू म्हणालीस ते बरोबर होतं, रोजचा संसार पाण्यावरच चालतो. घरमालकीणही पुन्हा बोलायला लागली आहे.

आणखी एक. तिथल्या तिघाचौघांनी तुझा नंबर मागितला. मी पत्ता दिला. म्हटलं, फोन करू नका, तिला ऐकू येत नाही, मशीनचा आवाज कसा आहे ते शब्दांत लिहून पाठवा. तुला न विचारता बोलले. रागावलीस का?

ठकू


११ मे

चि. ठकूस,

दुसरी म्हणजे दुसरीच. दोन कॉम्प्रेसरवाल्याला सांग, घोडामैदान जवळच आहे.

तू मला न विचारता बोललीस हे वाचून आधी पत्र उलटं करून ठेवलं. मग बसून विचार केला, की कुठल्याशा हॉलमध्ये चार परक्या माणसांना ठाऊक झालं आणि आभाळ कोसळलं नाही. त्यातल्या एकाचं पत्रही आलं. लिहितो, "मशीनमधून आवाज येतो." अरे बाबा, आवाज येतो म्हणजे काय? लहान मूल रडतं तेसुद्धा आवाजच करतं, पण आई ओळखते ना भुकेचं कुठलं आणि पोटदुखीचं कुठलं. पत्र परत पाठवलं. म्हटलं, नीट ऐक आणि पुन्हा लिही.

तू इथं होतीस तेव्हा फोन टेबलावर थरथरत सरकला, तुझ्या बापाचं नाव दिसत होतं. मी पक्कड उचलली आणि कामात असल्याचं दाखवलं. तू सगळं बघितलंस आणि काही बोलली नाहीस. रागावून बोलली असतीस तर मला सोपं गेलं असतं.

काल मी त्याला पत्र लिहिलं. सगळं लिहिलं. कान, फ्रिज परत येतात ते, तुझं मशीन मारलं ते, आणि मी त्या खोलीत येणार नाही तेही. आता वाट बघते आहे. मला खरंच भीती वाटते, ठकू. तो लहानपणी पडला की मी उचलायची. आता तो मला उचलायला निघाला तर नाही कसं म्हणू?

दुकानाच्या दारावर पाटी लावली आहे. "मालकिणीला ऐकू येत नाही. फ्रिजला काय होतंय ते लिहून द्या." आज एक बाई आली. तिनं पाटी वाचली, पर्समधून पेन काढलं आणि स्टुलावर बसून लिहायलाच लागली.

आत्या


२२ मे

ताई,

तुझं पत्र मिळालं. मला पत्र लिहिता येत नाही, हे तिसरं लिहितोय, पहिली दोन फाडली.

तू फोन उचलत नाहीस म्हणून मी चारचौघांत तुला फुगलेली म्हणत राहिलो. तरी रोज करायचो. पलीकडे घंटा वाजते आहे तोवर ताई तिथं आहे, असं वाटायचं. ती तुला ऐकूच जात नव्हती, हे कळलं तेव्हा मी घरातून उठून बाहेर गेलो. तुझ्या भावजयीला वाटलं, दूध आणायला गेलो.

मी न्यायला येणार होतो. गाडी सांगून ठेवली होती, ती नको म्हणून कळवलं. खोलीचा रंग फिका निळाच आहे, तू ओळखलंस. तिथं आता रद्दी ठेवली आहे.

कामाचं लिहितो. आमचा फ्रिज बरेच दिवस आवाज करतो आहे. ठकूनं बजावलंय, नुसतं "आवाज करतो" असं लिहिलं तर तू पत्र परत पाठवशील. म्हणून काल दुपारी स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसलो. सुरू होताना आधी घर्र होतं, जड वस्तू फरशीवरून ओढावी तसं. मग सूंऽ असा बारीक सूर लागतो, तो हळूहळू चढतो. बंद व्हायच्या आधी मागच्या बाजूनं तीन-चार वेळा कट् कट् होतं, त्यातलं शेवटचं मोठं. बंद झाल्यावर बराच वेळ आत कुठेतरी टिपटिप चालू राहते. मागच्या जाळीला हात लावून बघितला, वरचा अर्धा भाग गरम आहे, खालचा नाही. ते बरोबर की चूक, मला माहीत नाही. इतकी वर्षं तो माझ्या घरात आहे, मी त्याला कधी ऐकलंच नव्हतं.

इथल्या कुणाला बोलावलेलं नाही. तू सांगशील तेच करणार. माझ्या मते घाई नाही. तुझी भावजय म्हणते, दूध नासतंय, घाई आहे.

तेव्हा लवकर लिही, ताई.

तुझा,
धाकटा